उभ्यानं चिरायची सुरी

निवृत्तीनंतर घरी सुऱ्या करायचं खूळ मोबाइलवर बघूनच माझ्या डोक्यात शिरलं. मागच्या अंगणात मातीची भट्टी घातली, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा ठेवला आणि चिखलीच्या भंगारवाल्याकडून जीपच्या स्प्रिंगचा जुना पाटा आणला. पोलाद चांगलं होतं, माझा हात कच्चा. काही पाती तापवून पाणी देतानाच तडकली, काही वाकली. संध्याकाळी खांदा उचलवत नसे. बायको म्हणायची, "लोकं रिटायर होऊन आराम करतात, हे लोखंड बडवून राह्यले."

मग तिचे गुडघे गेले. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्याकडे भाजी चिरायची ती पावशीवर, म्हणजे विळीवर, खाली बसून, पाटावर पाय दाबून. ते काम माझ्याकडे आलं. माझ्या वांग्याच्या फोडी एक मोठी, एक बारीक, म्हणून निम्म्या कच्च्या राहायच्या. ती खुर्चीवरून बघत राहायची आणि तेच जेवायची. एकदा म्हणाली, "आता हे घर माह्यं नाही वाटत." मला ते फार लागलं.

म्हणून उभ्यानं चिरता येईल अशी एक सुरी मी जीव ओतून केली. सरळ पातं, बाभळीची मूठ. इतकी चांगली वस्तू माझ्या हातून आधी झाली नव्हती. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं म्हणतात, म्हणून ओट्यावर ठेवली. भांडण व्हायचं ते झालंच.

तिनं डाव्या मुठीत सुरी उभी धरली, धार स्वतःकडे केली आणि उजव्या हातानं भेंडी धारेवर लोटली, पावशीवर लोटतात तशी. भेंडीबरोबर बोटही चिरलं.

"अवं, सुरी हालवायची, भाजी नाही," मी ओरडलो.

"काऊन वरडता? जनमभर भाजी हालवली. आता या हाताले कोन शिकवल?"

बोटाला हळद लावताना माझा राग गेला आणि नुसता थकवा उरला. तिचं खरंच होतं. तिला जागची न हलणारी धार हवी होती.

दोन दिवस मी त्या सुरीकडे बघत बसलो. मग मूठ काढली, पातं भट्टीत घातलं आणि लाल झाल्यावर ठोकून पावशीसारखं वाकवलं. ठोकताना जिवावर आलं होतं. पुन्हा पाणी दिलं, नशिबानं तडकलं नाही. ते फळीवर बसवून फळी ओट्याच्या कडेला शिकंज्यानं आवळली आणि समोर उंच स्टूल ठेवलं.

ती स्टुलावर टेकली. एक भेंडी चिरली, मग दुसरी. मी बाजूलाच उभा होतो, हात पुढे करून.

"तुमी बाहीर जा," ती म्हणाली. "मी आहो."

मी अंगणात येऊन बसलो. आतून चिरण्याचा आवाज यायचा, थांबायचा. थांबला की वाटायचं, दुखत असेल, उठावं. दर वेळी मी स्वतःला खाली दाबून धरलं. जेवायला दुपार टळली. तिनं हाक मारेपर्यंत मी आत गेलो नाही.