भोंग्याची मोळी
आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला सगळे भोंगा म्हणतात. पहाटे भट्टी, दुपारी झोप, आणि कुस्त्या असल्या की संध्याकाळी हॉलमध्ये माइक. पंचांचा हात वर जायच्या आत हा डावाचं नाव सांगून मोकळा! एकदा माइक हातात आला की बायकोनं हाका मारून घसा कोरडा केला तरी याला पत्ता नाही.

त्याचा सगळा जीव 'मोळी'वर. समोरचा गुडघ्यांवर असला की एक हात त्याच्या मानेवरून घालायचा, दुसरा गुडघ्याखालून, पंजे एकमेकांत अडकवायचे आणि आवळायचं. सरपणाची मोळी बांधावी तसं डोकं आणि गुडघा एकत्र येतात, म्हणून ते नाव. पोराला त्यानं हा डाव बेकरीतच शिकवला, पिठाच्या पोत्यांवर.

त्या संध्याकाळी पोराची निवडीची कुस्ती होती. जिंकला तर संघात. हरला तर संपलंच, कारण पुढच्या वर्षी वय उलटणार, मग जन्मभर पाव भाजत बसायचं. शेवटच्या मिनिटाला तो एका गुणानं मागे होता, पण समोरचा खाली, गुडघ्यांवर सापडला होता. पोरानं खांदा जरासा झुकवला. हात अजून कुठेच लागला नव्हता. तेवढ्यावरून पुढचं फक्त बापालाच कळलं असतं.

"आणि ही लागली मोळी!" भोंगा ओरडला.

खालच्यानं ते ऐकलं आणि पाय ताणून सरळ केला. पोराचे हात हवेत. वेळ संपली. झालं!

मला असा राग आला म्हणून सांगू! भोंग्यानं मात्र विजेत्याचं नाव नेहमीच्याच आवाजात जाहीर केलं आणि खाली पोराजवळ आला. पोरगा बाकावर बुटाच्या नाड्या सोडत होता. तेवढ्यात जिंकलेला मुलगा धावत आला.

"काका, तुम्ही मोळी म्हणालात म्हणून वाचलो बघा! नाहीतर मेलोच होतो."

त्याच्या मनात पाप नव्हतं. बोलला आणि गेला. भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. पोराकडे न बघताच तो म्हणाला, "अरे, तुलाही ऐकू आलंच असेल की. तेव्हाच डाव बदलायचास."

"मला कुठे ऐकू आलं?" पोरगा म्हणाला. "कुस्ती सुरू झाली की तुमचा आवाज मी कानात शिरूच देत नाही, बाबा. लहानपणापासून. नाहीतर मला खेळताच आलं नसतं."