लाल फडक्यातली पुडी

जगदेव मिस्त्रीवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. इंझोरीच्या बौद्धवाड्यातला हा माणूस पलटणीत असताना लडाखला गाड्या दुरुस्त करायचा. सुटून आला आणि मानोऱ्यात लिंबाखाली बसून जीपगाड्या खोलू लागला. बोलायचा कमी. कमी बोलणाऱ्याचा मला शाळेतही संशय येतो.

पंचाहत्तर साली आईचे डोळे काचबिंदूनं जात होते. "डोये हायत तवर बद्रीनाथ पाहू दे मले," एवढंच तिचं मागणं. तांड्यावरच्या फुलसिंगची जीप ठरवली. ती पहाडासाठी तयार करायला जगदेवकडे गेली. त्यानं हवा घ्यायची मूळची नळी काढून डालड्याच्या डब्याचं रुंद तोंड बसवलं.

"वरतं हवा पातय असते, मास्तर. पेट्रोल बी कमीच लागते," म्हणाला. मग लाल फडक्यात गाठ मारलेली पुडी फुलसिंगला दिली. "पहाड लागला का सोडजो. त्याच्या आंदी सोडू नको."

देव सोडलेल्या माणसाला आमच्या देवाच्या वाटेची एवढी काळजी कशाला? लाल फडकं, गाठ, वर सोडायची वेळ ठरलेली!

"कार्बोरेटरचा बारका जेट हाय मास्तर, पेट्रोल कमी सोडते," फुलसिंग म्हणाला.

"पाह्यला का खोलून?"

"आंदी सोडू नको म्हणे ना."

झालं! नर्मदेच्या पुलावर सगळ्यांनी पैसे टाकले, मी गुपचूप ती पुडी टाकली. शाळेत मी विज्ञान शिकवतो.

जोशीमठाच्या पुढं जीप काळा धूर ओकू लागली आणि चढावर बंद पडली. फुलसिंगनं पुडीसाठी सगळी गाडी उलथीपालथी केली. मी म्हटलं, पडली असेल. त्यानं दूरचं शिखर बोटानं दाखवलं. आईला ढग कोणता नि शिखर कोणतं ते कळेना. आम्ही तिथूनच परतलो.

मानोऱ्यात फुलसिंगनं पुडी हरवल्याचं सांगितलं. जगदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं.

"काय बिघडलं होतं रे बाबा?" जीपमधून आईनं विचारलं.

"माहीच चूक झाली, माय," तो म्हणाला. "म्याच संगं याले पाह्यजे होतं."

पुढच्या संक्रांतीपर्यंत आईची नजर पुरती गेली. त्यानंतर नऊ वर्षं ती ओसरीवर बसून जगदेवच्या नावानं बोटं मोडायची, आणि मी शेजारी बसून वह्या तपासायचो.