पाटीमागे चाराणे

रखमाजी माझा शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्याचं खोकणंसुद्धा मला पाठ आहे. त्याच्याविषयी काहीतरी चांगलं लिहावं असं मनात होतं. दोन दिवस आठवून पाहिलं, सापडलं नाही. म्हणून जसा आहे तसा लिहितो.

ग्रामसेवक घरपट्टी आकारायला आला, त्या सकाळी रखमाजीनं म्हैस ओढत आणून थेट माजघरात बांधली. बायकोला, सगुणावहिनींना, चुलीसकट परसात काढलं. ग्रामसेवक दारात येताच हात जोडून म्हणाला, "हे घर न्हाई साहेब, कोठा हाये. आमी मायेपोटी जनावरापाशी निजतो." म्हशीनं त्याच वेळी पुरावा टाकला. ग्रामसेवकानं नाकाला रुमाल लावला आणि कोठा लिहून तो निघून गेला. कोठ्याला पट्टी नाही. माझ्याकडे म्हैस नव्हती, शिवणयंत्र होतं, म्हणून माझं घर ते घर ठरलं. एकाच भिंतीची अलीकडची बाजू घर आणि पलीकडची कोठा! शेणाचा वास मात्र दोन्हीकडे सारखा.

असा हा माणूस. आणि त्यानंच आमच्या कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजाराचा ठेका घेतला. चावडीपुढे लिलाव झाला, अटी मोठ्यानं वाचल्या गेल्या, यानं सगळ्यांवर बोली चढवली. त्या दिवसापासून बाजारात जो माल मांडील त्याच्याकडून पट्टी घ्यायचा हक्क रखमाजीचा. पाटीमागे चाराणे. पाटीत कोथिंबिरीच्या चार जुड्या असोत की शेरभर वेलदोडे असोत, चाराणेच. अण्णासाहेब कापडवाल्यांचे तागे दोन बैलगाड्यांतून यायचे. पण त्यांच्याकडे पाटी नव्हती, त्यांची 'बैठक' होती. बैठकीला आठाणे. म्हणजे दोन गाड्या कापड आणि दोन पाट्या मेथी एका भावात.

मी एकदा म्हणालो, "रखमाजी, हे काही बराबर न्हाई."

"मास्तर," तो म्हणाला (मी शिंपी, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं), "आपल्याकडं भेदभाव बिलकुल न्हाई. पाटी तिथं चाराणे. मंग ती कुणाची का असंना."

पट्टी दिलेल्या पाटीच्या काठाला तो खुणेसाठी गेरूचं बोट लावायचा. बौद्धवाड्यातल्या बायांच्या पाट्यांना मात्र बोट नाही, काडी. काडीच्या टोकाला चिंधी बांधलेली. ती गेरूत बुडवून लांबूनच टेकवायची. त्यांचे चाराणे तो घ्यायचा तेव्हा काडी बाजूला असायची. नाणं हातातच घ्यायचा, वर अंगठ्यानं चोळून पाहायचा.

ही काडी सगळ्यांत जास्त लागली असेल ती केशरबाईच्या पाटीला. केशरबाई बौद्धवाड्यातली, बोंबील आणि सुकट विकायची. बोलायला अशी की गिऱ्हाईक भाव करायला वाकलं की शरमून दोन बोंबील जास्तच घेऊन जायचं. रखमाजीला ती 'ठेकेदारसाहेब' म्हणायची. शिवी दिल्यासारखं म्हणायची.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. बाजार वाळला. रखमाजी गेरूचा डबा घेऊन बसायचा आणि त्याच्यापुढे दोन कुत्री बसायची. पण त्याचा खरा जीव बाजारात नव्हता, मळ्यात होता. मळ्यात मोसंबीची झाडं होती. जालन्याहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली कलमं, त्यानं हातानं वाढवलेली. पुढच्या साली पहिला बहार धरायचा होता. गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले तरी त्याच्या विहिरीत पाणी होतं, आणि ते सगळं झाडांना. कुणी बाई घागरभर मागायला आली तर म्हणायचा, "झाडाला तोंड न्हाई, बाई. तुला हाये. तू दुसरीकडं जाऊन माग."

मग सरकारनं दोन कोसांवरच्या माळावर खडी फोडायचं काम काढलं. रस्ता व्हायचा होता म्हणे. कुठून कुठं जाणार हे विचारलं की ओव्हरसियर आभाळाकडे बघायचा. पण दर शनिवारी मजुरी रोख मिळायची. निम्मा गाव माळावर गेला. रखमाजी ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायचा, "फुकट्यांना पोसून राह्यलंय सरकार! दगडाचे बारीक दगड करायचे, अन् पैसे घ्यायचे. आमच्या पट्टीचा पैसा हाये हा!"

"तुमची कोणती पट्टी, रखमाजी?" मी भिंतीपलीकडून विचारलं. "म्हशीची का?"

तीन दिवस बोलला नाही. बरं वाटलं.

शनिवारच्या पैशानं माळावर आपोआप बाजार भरायला लागला. आधी कुणी गूळ-फुटाणे घेऊन गेलं, मग मिरची-मीठ, मग अण्णासाहेबांच्या गाड्या, मग मीही मशीन डोक्यावर घेऊन गेलो. खडी फोडून बायांच्या चोळ्या खांद्यावर फाटल्या होत्या. ठिगळांचा धंदा तेजीत. केशरबाई आठवडाभर खडी फोडायची आणि मजुरी हातात पडली की तिथंच पाटी मांडायची. तिचा रुपया ठिगळापायी माझ्याकडे यायचा, माझा गूळवाल्याकडे, गूळवाला घरी जाताना बोंबील न्यायचा. सरकारनं एकदाच दिलेला रुपया दिवस मावळेपर्यंत तीन चुली पेटवायचा.

हे कानावर गेलं, आणि पुढच्या शनिवारी फुकट्यांच्या माळावर रखमाजी हजर. एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्या हातात काडी.

"काढा चाराणे!"

बाया बघतच राहिल्या. केशरबाईनं पदर सारखा केला. "ठेकेदारसाहेब, ह्या माळाचा लिलाव कवा झाला? आमी दगड फोडत व्हतो, आयकूच आला न्हाई."

"म्या जागा घेतली न्हाई, केशरे. म्या बाजार घेतला. बाजार जाईल तिथं माझा. उद्या वढ्यात भरला तर वढ्यात माझा."

ओव्हरसियरला मध्ये घातलं. तो म्हणाला, "मी खडी मोजतो. बाजार मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही." आणि छत्री उघडून चालू लागला.

केशरबाईनं पाटीतले बोंबील एका ओळीत लावले. तिला अशी टापटीप कधी सुचायची नाही, म्हणून मी सुई थांबवली.

"बरं," ती म्हणाली. "बाजार तुमचा. समद्यांनी आयकलं ना? तुमचाच. मंग लिलावात अटी वाचल्या व्हत्या, त्या बी तुमच्याच. बाजार झाडायचा अन् बाजारात प्यायला पाणी ठिवायचं. इथं सरकारी ट्यांकर दुपारलाच सरतो, तहानेनं गिऱ्हाईक चार वाजता घराकडं पळतंय. पाणी आणा. चाराणे घ्या."

सगळा माळ "बराबर हाये, बराबर हाये" करू लागला. अण्णासाहेबांनीही मान हलवली. गिऱ्हाईक पळतं याची सगळ्यांत जास्त झळ त्यांनाच. रखमाजीनं पाट्यांवरून नजर फिरवली. पंचवीस-तीस पाट्या होत्या. त्याच्या डोळ्यांपुढं चाराणे नाचले असतील, मोसंबी नाही. "पुढच्या शनवारी आणतो," म्हणाला.

घरी भिंतीपलीकडे सगुणावहिनींचा आवाज चढला. "झाडाचं पाणी बाजारात वततात का? डोकं ठिकाणावर हाये ना?"

"दोन पिंपानं इहीर आटत न्हाई," रखमाजी म्हणाला. "अन् झाड दोन सालानं पैसा देईल. बाजार शनवारीच देतो."

शनिवारी बैलगाडीत दोन पिंपं आली. पिंपावर लांब दांड्याचं ओगराळं. सगळ्यांत पुढे केशरबाई, हातात चाराण्याचं नाणं. रखमाजीनं ओगराळं भरून उंच धरलं आणि म्हणाला, "वंजळ धर."

तिनं नाणं मुठीत मिटलं.

"आता काय झालं?"

"तुमीच म्हणत व्हते ना, भेदभाव न्हाई? पाटी तिथं चाराणे, कुणाची का असंना?"

"मंग? बराबरच हाये."

"पट्टीत आमी समद्यांच्या बराबर, अन् पाण्यात खालच्या? हे नाणं बी मंग वरूनच टाकते. धरा वंजळ, ठेकेदारसाहेब."

खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. पण आजूबाजूला कुणी हसत नव्हतं, म्हणून तोंडात दोरा धरला. रखमाजीच्या मानेची शीर उडत होती. "लई माजली गं तू," तो म्हणाला. "सरकारचा पैसा आंगावर आला व्हय?"

"दगड फोडून आला. तुमी या की फोडायला, तुमच्या बी आंगावर यील."

तिनं पाटी डोक्यावर घेतली. बौद्धवाड्यातल्या बाकीच्या बायांनीही घेतल्या. त्या उठल्या तशी त्यांची गिऱ्हाइकं उठली, गूळवाल्यापुढची रांग विरळ झाली. तेव्हा अण्णासाहेब ताग्यांच्या ढिगावरून ओरडले, "अहो रखमाजी, बाजार मोडून राह्यलाय! तुमचा धरम घरी पाळा ना! माझा माल गाडीतून उतरलाय इथं!"

अण्णासाहेबांना समतेचा पुळका आला होता असं नाही. त्यांना लुगडी खपवायची होती.

रखमाजीनं ओगराळं पिंपात फेकलं आणि सगळ्यांकडे पाठ केली. "ज्याला प्यायचं त्यानं प्यावं. मी बघत न्हाई."

केशरबाई परत आली. आपल्या हातानं ओगराळं भरलं, तोंडाला लावलं, सावकाश प्यायली. मग रखमाजीच्या समोर जाऊन नाणं त्याच्या तळहातावर दाबलं आणि पाटी पुढे केली. "काडी नगं. बोट." त्यानं बोट लावलं. इतकं दाबून लावलं की पाटीचा काठ वाकला. त्या दिवशी गावातल्या काही घरांतल्या बाया त्या पिंपाकडे फिरकल्या नाहीत, दुसऱ्या पिंपावरच प्यायल्या. ते सरलं, ऊन चढलं, आणि कोणतं पिंप कुणाचं हे कुणाला आठवेना. पाणी कोमट होतं, रॉकेलचा वास येत होता. मी दोनदा प्यालो.

पाणी आहे म्हटल्यावर माळावरचा बाजार दिवस बुडेपर्यंत टिकायला लागला. आजूबाजूच्या कामांवरचे लोक यायला लागले. पाट्या वाढल्या, चाराणे वाढले, तहानही वाढली. दोनाची चार पिंपं झाली. बाया जाताना घागरी भरून न्यायला लागल्या. रखमाजी अंगावर धावला की केशरबाई काठावरचं गेरूचं बोट दाखवायची. "पट्टीतलं हाये. फुकटचं न्हाई." एका शनिवारी त्यानं पिंपं आणली नाहीत; त्या शनिवारी कुणी चाराणे दिले नाहीत. एका शनिवारी त्यानं सहा आणे मागितले. बायांनी दोन-दोन पाट्यांचा माल एका पाटीत रचला. जिकडून वळसा घालावा तिकडे केशरबाई उभी.

चैत्रात मोसंबीची पानं आत वळली. भिंतीपलीकडे रोज भांडण. वहिनी म्हणायच्या, "ठेका सोडा, झाडं वाचवा." हा म्हणायचा, "त्या बाईपुढं ठेका सोडू?" वैशाखात मोट वर आली ती चिखल घेऊन. मी मळ्यात गेलो होतो. हा झाडांच्या ओळीत उभा होता, एका फांदीला नख लावून आत हिरवं आहे का बघत होता. हिरवं नव्हतं. मला बघून म्हणाला, "ये, हास." मी हसलो नाही. मोह फार झाला, पण नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं काय करावं? तो ओव्हरसियरकडे गेला. सरकारी टँकर आधी मळ्याकडून फिरवा म्हणाला, गरिबाची झाडं मरून राह्यलीत, सरकार कशासाठी हाये? ओव्हरसियरनं टोपलं आणि हातोडा पुढे केला. म्हणाला, "सरकार यासाठी आहे. सोमवारी या." गेला नाही. घरी येऊन सरकारला, केशरबाईला, अण्णासाहेबांना आणि भिंतीवरून मला, अशा चौघांना शिव्या दिल्या.

पुढच्या साली पाऊस झाला. माळावरचं काम बंद झालं, रस्ता अर्ध्यातच राहिला, बाजार गावात परतला. लिलावात ठेका गावातल्याच कडूबानं घेतला, पट्टी तीच, पाटीमागे चाराणे, मोळीलाही चाराणे. पहिल्या बाजाराला बघतो तर रखमाजी वाळक्या मोसंबीच्या मोळ्या घेऊन बसलेला. आणि जागा मिळाली ती नेमकी केशरबाईच्या शेजारी.

"मोळी वढा तिकडं," ती म्हणाली. "काटे बोंबलात येतेत."

"तुझ्या बोंबलाचा वास लाकडाला लागून राह्यलाय, त्याचं काय?"

तेवढ्यात कडूबा गेरूचा डबा घेऊन आला. "काढा, रखमाजी. मोळीमागे चाराणे."

रखमाजीनं मान वर केली. "पाणी कुठंय?"

"हाये की. मारुतीच्या पारावर रांजण भरून ठिवलाय."

पारावर म्हणजे कुणाला चढता येतं आणि कुणाला नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. केशरबाईची मूठ मिटलेलीच होती.

"पारावर न्हाई," रखमाजी म्हणाला. "बाजारात. इथं खाली. अट तशी हाये, म्या पाळलीय. इचार कुणालाबी."

त्यानं हे तिच्यासाठी म्हटलं असं कुणी समजू नये. चाराणे वाचवायसाठीच म्हटलं. मी त्याला भिंतीएवढा ओळखतो. तिलाही ते माहीत होतं. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त मुठीतलं नाणं परत कनवटीला खोचलं.

कडूबा दोघांनाही शिव्या देत रांजण आणायला गेला. तो येईपर्यंत ती दोघं एकमेकांकडे पाठ करून बसून होती, त्याच्या मोळ्या आणि तिची पाटी मध्ये, एकालाही गेरू नाही.