आठ खेळांचा सौदा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याशी भांडायची तयारी करत होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं मी सहा मुद्दे लिहून काढले होते आणि सातवा सुचेना म्हणून पेनाचं टोपण चावत बसले होते. आदल्या दिवशी निघताना दाजींनी बजावलं होतं, "उद्या तुझं काय ते शेवटचं म्हणणं घिऊन ये. उद्या ठरवून टाकूया." अशी मुदत त्यांनी पूर्वीही बऱ्याचदा दिली होती, पण या वेळी मला ती खरी वाटली. आणि ताईचा फोन आला. ती फक्त "ये" म्हणाली... पुढचं तिच्या आवाजावरूनच कळलं. मी कागद पर्समध्ये कोंबला आणि रिक्षा केली. राजारामपुरी ते शाहूपुरी हा रस्ता काही मोठा नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या सबंध रस्त्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आता हे सहा मुद्दे मी कुणाला ऐकवू?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विश्वासराव. पस्तीस वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या गूळ सौद्यात काढली. गुजरातेतल्या व्यापाऱ्यांसाठी ते गूळ खरेदी करायचे. ढेपेला आपल्याकडं रवा म्हणतात. तर असे शंभर-शंभर रवे एका लॉटमध्ये मांडलेले असत आणि दाजी वरच्या सोनेरी रव्याकडं ढुंकूनही न बघता मागच्या ओळीतला, कोपऱ्यातला, अंग चोरून बसलेला रवा फोडायला लावायचे. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी पंगतीत शेवटच्या पातेल्यातला मसालेभात मागवून चाखला होता, असं माझे वडील सांगत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि हा माणूस माझ्या बहिणीला कसा झेपणार, याची मला काळजी पडली होती. झेपला. मी पुढं हायस्कुलात गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दुपारी चार वाजता ताईकडं चहाला जायचा नियम लावून घेतला. त्या चहावर माझा दिवस उभा असायचा, हे मी दाजींना कधी सांगितलं नाही. त्यांना सगळं वर्तमानपत्र पाठ झालेलं असायचं आणि भांडायला कुणीतरी हवं असायचं. मेव्हणी कशाला असते?

व्हिडिओ गेमची भानगड घरात आली ती मेघनामुळं. मेघना ही त्यांची मुलगी. बंगळूरला नोकरीला जाताना ती तिचा कन्सोल इथंच टाकून गेली. ताई तो भंगारात काढणार होती. दाजींनी एक दिवस सहज म्हणून तो टीव्हीला जोडला आणि संपलं. ज्या माणसानं आयुष्यात स्कूटर दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही, तो सोफ्यावर बसून गाड्यांच्या शर्यतीत उतरला. वळणावर स्वतःही सोफ्यावर तेवढाच कलायचा. कन्सोलला ते पेटी म्हणायचे, भजनातल्या पेटीसारखं. "मास्तरीण, पेटी लाव," की मी दुसरा रिमोट हातात घ्यायचा. मी त्यांना सहसा हरवायचे. मग ते म्हणायचे, तुझ्या रिमोटचं बटण हलकं हाय.

आणि मग त्यांना ते कलेक्शन दिसलं. राजारामपुरीत माझ्या घराजवळ जमीरचं दुकान आहे. मोबाइल, हेडफोन, गेम असलं सगळं तो विकतो. काचेमागं एक जाडजूड डबा होता, एकाच कंपनीचे आठ जुने खेळ एकत्र, सुटे मिळणार नाहीत, घ्यायचे तर आठही घ्या. किंमत मी इथं लिहीत नाही, कारण ताई ही पुरवणी वाचते. दाजींचे डोळे लकाकले. शंभर रव्यांचा लॉट तो हाच! ताईनं त्याच संध्याकाळी विरोध नोंदवला, आधी घरात आहेत ते खेळ संपवा म्हणून. मी गणिताच्या बाजूनं लढले. आठातला एक आपल्याकडं आधीच आहे, दोन तर एकाच खेळाचे भाग आहेत, एकाला चार माणसं लागतात आणि आपण दोघं, एक नुसता मासे पकडण्याचा आहे. उरले किती? दाजी म्हणाले, लॉटमधले चांगले रवे तेवढे उचलून न्यायचे आणि बाकीचे शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचे, असा सौदा आमच्यात नसतो.

पण न चाखता घेतील तर ते दाजी कसले. मला बरोबर घेऊन ते जमीरच्या दुकानात गेले आणि स्टूल ओढून बसले. जमीरनं उत्साहानं डब्यावरचा सर्वांत गाजलेला खेळ लावायला घेतला. दाजींनी त्याचा हात धरला. "चांगला खेळ चांगला हाय, हे डब्यावर लिवलंयच की. ह्यात सगळ्यात वाईट कुठला, त्यो दाव." एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक जमीरला भेटलं नव्हतं. शेवटी त्यानं मासे पकडण्याचा खेळ लावून दिला. दाजी अर्धा तास त्या निळ्या तळ्याकाठी गळ टाकून बसले, मागं गिऱ्हाइकं खोळंबली, मी खालमानेनं हेडफोन न्याहाळत राहिले. उठताना त्यांनी निकाल दिला, "वाईट हाय, पण फसवत न्हाई." तरी डबा घेतला नाही. मग दोन-तीन महिने आमच्या चहाबरोबर हाच विषय. घ्यावं, न घ्यावं. ताई कंटाळून स्वयंपाकघरात निघून जायची.

त्यानंतर दाजींचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला. डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. फोनवर मेघनाशी बोलून आम्ही तिघींनी ठरवलं, की बाबांना कळू द्यायचं नाही. ठरवताना आम्हाला आपण फार शहाणपणा करतोय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दाजींनी सवयीनं कलेक्शनचा विषय काढला आणि ताई म्हणाली, "घ्या की, एवढं मनात हाय तर." मेघना फोनवर म्हणाली, बाबा, आजच मागवते. आणि मी... मी सुद्धा म्हटलं, "घ्या दाजी, चांगलं आहे." दाजींनी अर्धा चहा तसाच ठेवला. तीन दिवस त्यांनी पेटी लावली नाही की कलेक्शनचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, दुखणं वाढलं.

चौथ्या दिवशी ताई चहा टाकायला आत गेली तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मास्तरीण, इकडं बघ. पस्तीस वर्षं सौद्यात उभा हुतो. समोरचा एका दमात हो म्हणाला, की मी मालाकडं बघायचं सोडायचो आणि त्याच्या तोंडाकडं बघायचो. माझा रिपोर्ट आल्यापास्नं तुमी समदी एका दमात हो म्हणायला लागलाय. किती दिस हायत?"

मी वर्गात कॉपी करणारी पोरं नुसत्या मानेवरून ओळखायचे. त्या दिवशी माझी मान कशी झाली असेल, कुणास ठाऊक. मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "सहा महिने म्हणतात."

ते खिडकीबाहेर बघत बसले. आत कपबशा वाजत होत्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बरं. मग तू तरी नको म्हण की."

मला रडू येत होतं. ते तसंच गिळून मी सुरुवात केली. नको. आठातला एक आपल्याकडं आहे. दोन एकाच खेळाचे भाग. मासे पकडायला तुम्हाला पंचगंगा कमी पडली का? माझा आवाज चढला तसा दाजींच्या तोंडावर रंग चढत गेला. ताई चहा घेऊन आली तर आम्ही दोघं पूर्वीसारखे तावातावानं भांडतोय. आजारी माणसाशी कसली भांडतीस, म्हणून ती माझ्यावरच उखडली. त्या संध्याकाळी दाजींनी तिला आपणहून सांगितलं, की मला समदं कळलंय, आता लपवाछपवी बंद. मेघनालाही फोन लावला. ती आठ दिवस येऊन राहिली. घर रडलं, आणि रडून झाल्यावर मोकळं झालं.

पुढचे महिने मजेत गेले असं म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल, पण गेले. औषधांचे वाईट दिवस होतेच, त्यांच्याबद्दल लिहिलं तर दाजींनी मला माफ केलं नसतं. बऱ्या दिवशी चार वाजता सौदा बसायचा. मी रोज नवं कारण काढायचे, ते रोज मोडायचे. एकदा बोलण्याच्या भरात मी हिशोब मांडला, की एका खेळाला रोज तासभर धरला तरी दोन महिने, म्हणजे आठ खेळ संपणार कधी... आणि जीभ चावली. दाजी पोट धरून हसले. "पस्तीस वर्षं गूळ घेतला, त्यो समदा मी खाल्ला व्हय? मला तर शुगर. गुजरातेत कुणीतरी खाल्लाच की." डॉक्टरांशीही त्यांनी घासाघीस केलीच असणार, कारण सहाचे आठ महिने करून घेतले. शेवटच्या आठवड्यात आवाज बसला होता तरी "न्हाई पटलं" एवढं ते मान हलवून सांगायचे.

मग तो सकाळचा फोन. दिवस झाले, पाहुणे पांगले, मेघना परत गेली. आणि मला पर्समध्ये तो कागद सापडला. सहा मुद्दे, माझ्या सुवाच्य अक्षरात. एखादा माणूस आठ महिने एक वस्तू मागतोय आणि आपण त्याला ती घेऊ दिली नाही... त्यानंच सांगितलं होतं नको म्हण म्हणून, हे खरं. पण शेवटी एकदा हो म्हणायला काय झालं होतं? शाळेत मी कडक मास्तरीण म्हणून प्रसिद्ध होते, तरी पेपरची वेळ संपल्यावर पाच मिनिटं जादा मी पोरांना द्यायचेच. दाजींना तेवढीही दिली नाहीत. दोन आठवडे मला घास गोड लागला नाही. अखेर एका सकाळी उठले आणि जमीरच्या दुकानात गेले. डबा काचेमागं होता. रोज रिक्षातून जाता-येता मला तो दिसायचाच. म्हटलं, हा काढ, पॅक कर.

जमीर डोकं खाजवायला लागला. "मावशी, त्यो डबा रिकामा हाय. काकांनी सीडी कवाच नेली."

कधी? तर गणपती बसायच्या आधी. मी बोटांवर मोजलं. ते मला नको म्हण म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, हवा खायला जातो म्हणून एकटे रिक्षातून गेले होते, तेव्हाच. सीडी साध्या पाकिटात नेली आणि रिकामा डबा होता त्याच जागी ठेवायला लावला. मास्तरीण रोज येता-जाता बघती, डबा हलला तर तिला कळंल, अशी जमीरला शपथ घातली होती. मी आधी त्याच्यावर संतापले, मग दाजींवर संतापले, आणि तशीच शाहूपुरीला ताईच्या दारात जाऊन उभी राहिले. तिला सगळं माहीत असणार, हे तिच्या मानेवरून कळलंच.

ताई आत गेली आणि पुरणयंत्राचं खोकं घेऊन आली. सीडी त्यात. मी जन्मात पुरण केलेलं नाही, त्यामुळं एवढी सुरक्षित जागा घरात दुसरी नव्हती. सकाळी दहा ते साडेअकरा दोघं नवरा-बायको खेळत बसायचे आणि चारच्या आत सगळं पुन्हा खोक्यात. मासे पकडण्यात ताई दाजींच्या पुढं गेली होती. हे सांगताना ती हसली, दाजी गेल्यापासून पहिल्यांदा. एवढं सगळं होतं तर माझ्याशी आठ महिने वाद कशाला घातला, मी विचारलं. मला वेड्यात काढायला?

"न्हाई गं," ताई म्हणाली. "ते म्हणायचे, सौदा मिटला की माणसं उठून जात्यात. तुझ्याबरोबरचा त्यांना मिटवायचा नव्हता."

ताईनं चहा टाकला, आम्ही तो प्यायलो. मग तिनं सीडी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, आता ही तू घेऊन जा, पेटीसकट ने, मी एकटी काय करू. मी हात पुढं केला होता. तिच्याकडं बघितलं आणि मागं घेतला.

नको म्हटलं. माझा टीव्ही लहान आहे, वायर पुरणार नाही, शिवाय आठातला एक... ताईनं पदर खोचला आणि माझी कारणं एकेक करून मोडायला घेतली. दिवेलागण झाली तरी तिचं नि माझं एकमत झालं नव्हतं. आजही झालेलं नाही. मी रोज चारला जाते.