हार घातलेला फोटो

हॉलंडमध्ये, फोरबर्गला, आमच्या शेजारच्या घरात एक इंग्रज गृहस्थ राहत. बायको डच, म्हणून तरुणपणीच इकडे येऊन स्थायिक झालेले. ती गेल्यावर एकटेच होते. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे. विशीही गाठली नव्हती तेव्हा सक्तीच्या लष्करी नोकरीत त्यांना पॅसिफिकमधल्या एका बेटावर पाठवलं होतं आणि तिथे त्यांच्यादेखत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या होत्या. हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. खुद्द आजोबा त्याबद्दल अवाक्षर काढत नसत, बायकोलाही त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. मुलीच्या पाठचा भाऊ जन्मून आठवड्याभरातच गेला होता. त्याच्या जाण्याचा त्या बेटाशी काही संबंध होता का, हा प्रश्न तिने साठी आली तरी मनातच दाबून ठेवला होता.

मी इथे डिपेंडंट व्हिसावर आले, काही वर्षं चरफडत घरात बसले आणि मग छोट्या संस्थांना अनुदानाचे अर्ज लिहून द्यायचं काम सुरू केलं. म्हणून मुलगी माझ्याकडे आली. चाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या सैनिकांना मदत करायला आणि त्यांच्या आठवणी जपायला इंग्लंडमध्ये निधी होता. हॉलंडमध्ये राहणाऱ्या अशा मोजक्या कुटुंबांनी मिळून एक संस्था काढली होती आणि त्यांना एक स्मरणाचा कार्यक्रम करायचा होता. मी पडले व्यवहारी. समारंभ कसले करता, म्हटलं, हाउसआर्टकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तपासायला न्यायला गाडी मागा, जिन्याला सरकती खुर्ची मागा. आजोबा सगळं शांतपणे ऐकून घेत, कॉफीबरोबर एक बिस्कीट पुढे करत आणि डबा बंद करत. त्या डब्याच्या झाकणाचा मला मनापासून राग यायचा.

शेवटी अर्जात दोन्ही मागितलं आणि दोन्ही मंजूर झालं. हयात सैनिकांनी स्वतःच्या तोंडून आणि गेलेल्यांच्या वतीने त्यांच्या घरच्यांनी आठवण सांगायची आणि ती ध्वनिमुद्रित करून ठेवायची, एवढीच अट होती. आजोबा म्हणाले, येईन, बसेन, पण बोलणार नाही. मुलीने हट्ट केला नाही. पण मला तिचा चेहरा बघवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वस्तीच्या हॉलमध्ये मी जरा लवकर पोचले. समोरच्या भिंतीवर सैनिकांचे तरुणपणीचे फोटो लावले होते. आजोबांचा फोटो मधोमध होता, उघडाबंब, अर्धी चड्डी, हातात भलामोठा मासा, आणि हसू असं की कुणालाही हसू यावं. एका स्वयंसेवक बाईने प्रत्येक फ्रेमला ताज्या फुलांचा हार घातला होता. इथे वाढदिवसाला खुर्ची फुलांनी सजवतात, घरभर माळा लावतात. तिने त्याच मायेने केलं होतं. मी मात्र स्टूल ओढून आणलं. बाकीचे फोटो गेलेल्या माणसांचे होते, ते राहू दिले. स्टुलावर चढून आजोबांच्या फोटोचा हार तेवढा काढला. त्या बाईचा चेहरा पडला.

मागे वळले तर आजोबा पहिल्या रांगेत येऊन बसले होते. का काढलास, त्यांनी विचारलं. जिवंत माणसाच्या फोटोला आमच्याकडे हार घालत नाहीत, मी सांगितलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं.

“मग घाल परत,” ते म्हणाले.

“असं अभद्र बोलू नका.”

“तुमची पद्धत बरोबर आहे. त्या मुलाला आजवर कुणी हार घातलेला नाही. घाल.”

मी हार परत घातला. राग आला होता, पण कुणाचा ते धड कळत नव्हतं.

माणसं जमली. आजोबांची पाळी आली तेव्हा निवेदकाने त्यांचं नाव गाळलं, तसंच ठरलं होतं. पण ते काठी टेकत उठले आणि फोटोपाशी जाऊन उभे राहिले. त्या मुलाबद्दल सांगतो, म्हणाले. त्याला समुद्राकडे पाठ करून वाळूत बसवलं होतं, डोळे मिटून वर हात दाबून धरायला सांगितलं होतं. स्फोटाचा उजेड पडला तेव्हा मिटल्या डोळ्यांनी त्याने आपल्याच बोटांची हाडं पाहिली. शेजारचा एक धिप्पाड गडी आईला हाका मारत होता. नंतर किनाऱ्यावर आंधळे झालेले पक्षी चालत फिरत होते, ते गोणीत भरायचं काम याच्याकडे आलं. मग ते मुलीकडे वळले. तुझा भाऊ गेला तेव्हा मला हीच भीती वाटली, म्हणाले. कुठल्या डॉक्टरने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तुझ्या आईला सांगायचा मला धीर झाला नाही.

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

“हा परत आलाच नाही. याच्या आईकडे याच्या जागी मला पाठवलं.”

ते खाली बसले. घाईत घातल्यामुळे हार एका बाजूला घसरला होता. मुलगी उठली, तिने तो दोन्ही हातांनी सरळ केला आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसली.