‘कशासाठी’ नावाचा रकाना

आमचं शिलाई मशिनचं दुकान. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता पोटातलं काढून घ्यायचं आणि ते गेलं की कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचं, ही माझी जुनी खोड. नाव, नंबर, मशीन, आणि शेवटी मीच वाढवलेला रकाना : ‘कशासाठी’. कुणी फॉल-पिकोसाठी, कुणी नातवाची अंगडी-टोपडी शिवायला. वर्षभरानं ती बाई सुया न्यायला आली की मी हळूच यादी बघायचो आणि विचारायचो, “काय, झाली का अंगडी?” बाई खूश. ‘मालकांच्या ध्यानात कसं ऱ्हातंय की!’ ध्यानात राहतंय कुठलं, डोंबल!

मागच्या वर्षी गिऱ्हाइकांना मेसेज पाठवून अभिप्राय मागवायचं खूळ डोक्यात शिरलं. मजकूर एकच लिहायचा, मोकळ्या जागी कुठला रकाना घालायचा ते सांगायचं, की प्रत्येकीला तिचा तिचा मेसेज जातो. मी मोकळ्या जागेत ‘कशासाठी’ घातला. पहिले चार-पाच वाचून बघितले. झकास! तेवढ्यात चहा आला. बाकीची यादी न वाचताच मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कसबा बावड्याची एक बाई आली आणि तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला.

‘नमस्कार ताई, तुम्ही नवऱ्यानं टाकल्यामुळे पोटासाठी घेतलेलं मशीन कसं चालतंय? एक ते पाच गुण द्या.’

दोन वर्षांमागं मशीन घेताना ही बाई समोरच्या स्टुलावर बसून रडली होती. मी पाणी दिलं, धीर दिला. आणि तिची पाठ वळताच ते लिहून ठेवलं. आता तरी कबूल करावं की नाही? पण तोंडातून निघालं काय, तर “ताई, कॉम्प्युटरची चूक हाय.”

“कॉम्प्युटरला मी कवा सांगितलंतं?”

आवाज चढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

“मला वाचाय येत न्हाय. पोरगी वाचून दावती,” ती म्हणाली. “तिला सांगितलंय, बाप इचलकरंजीला मागावर कामाला हाय, सुट्टी मिळत न्हाय. काल तिनं ह्ये वाचलं आन इचारलं, आई, टाकल्यामुळं म्हंजी काय गं?”

माझी मान वर होईना. सॉफ्टवेअरनं काहीच चुकवलं नव्हतं. मी लिहिलं तेच त्यानं इमानानं पाठवलं. चूक माझी, ताई, मीच लिहिलं होतं, असं कसंबसं म्हणालो.

“ऱ्हाऊ दे त्ये. भायेर बसलीया ती. दुसऱ्या बाईचं चुकून आलं म्हणून सांगा तिला. माझं ऐकंना झालीया.”

पायरीवर आठ-नऊ वर्षांची पोर बसली होती. मी शेजारी बसलो. म्हणालो, “बाळ, कॉम्प्युटरनं घोळ घातला बघ. तो मेसेज दुसऱ्याच बाईचा होता.”

तिनं माझ्याकडं बघितलं.

“त्या बाईला पोरगी हाय?”

“न्हाय,” मी म्हणालो.

“मग बरं झालं,” ती म्हणाली.