अक्काताईचं रक्त, माझा फॉर्म

चूक माझी हाय, हे आधीच सांगते. फॉर्म मीच भरलता.

मी खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, आशा सेविकेचं काम करते, बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमच्याकडं साठीच्या वरच्या माणसांच्या कानांचं शिबिर लागलं. म्हातारपणी कान जायला लागले की रक्तात त्याची काय खूण सापडते का, ते शोधायला बाहेरनं डॉक्टर आलते. कान तपासायचे, नळीभर रक्त घ्यायचं, फॉर्म भरायचा. काम चांगलं, त्याला मी नाव ठेवत न्हाय.

अक्काताई आमच्याच गल्लीतली, चौसष्टची. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासनं यंत्रमागावर उभी. घरातच चार माग, मधल्या भिंतीपलीकडं चूल. त्या खडखडाटात तिनं पोरं वाढवली, सून आणली, किती साड्या विणल्या देव जाणे. आता कानाशी तोंड नेऊन वरडलं तरच तिला कळतं. जीभ मात्र लई ताजी.

फॉर्मात इचारलतं, काम काय करता? ती म्हणाली, "घरीच असते की गं."

आमच्यातल्या समद्या बायका असंच सांगतात. नवरा मागावर उभारला तर विणकर, बायको उभारली तर ती घरीच! आणि मी? तिच्या दारात मागाच्या आवाजावर वरडून वरडून घसा बसवून घेणारी मी, मीबी गुमान लिवलं, 'घरकाम'. खाली आणिक इचारलतं, मोठ्या आवाजात काम केलंय का? 'नाही'वर खूण केली. अक्कल गहाण टाकलती मी त्या दिवशी.

रिपोर्ट आला. मी तिच्या कानात वाचून दाखवला, "वयामुळं कान गेलेत."

"वयानं?" अक्काताई भडकली. "माझी थोरली भण कणकुंबीला रानात हाय, सत्तरीची, मागावर कधी उभारली न्हाय. परड्यात कोंबडी खुडखुडली तरी तिला चुलीपाशी कळतंय. तिला काय वय न्हाय व्हय? आणि ही बघ!" तिनं मागावर उभी असलेली सून दाखवली. नीलम, एकतीस वर्षांची. "हिच्या कानात आत्ताच शिट्ट्या वाजतात. हिला काय सांगतीस, वय झालं म्हणून?"

मला तोंड वर करवेना. दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन शिबिरात गेले आणि भैरवी डॉक्टरना खरं काय ते सांगितलं.

"अहो, मग आजींचं रक्त आम्हाला चालणार नाही," त्या म्हणाल्या. "आवाजानं गेलेले कान या अभ्यासात घेत नाही आम्ही."

मी ते अक्काताईच्या कानात वरडून सांगितलं.

"नगा घेऊ! वता जावा गटारीत!" ती म्हणाली. "पण आधी ते घरकाम खोडा. माग लिवा. आणि हिचे कान बघा."

"यांचं वय बसत नाही, आजी."

आता माझंच डोकं सटकलं. "वय बसत न्हाय म्हणजे? साठी होईस्तवर तिनं बहिरं व्हायचं, आणि मग तुम्ही म्हणायचं वयानं झालं? मॅडम, खासबागेत मागाबिगरचं म्हातारपण कुठनं आणून देऊ तुमास्नी?"

डॉक्टरबाई वाईट नव्हती. तिनं फॉर्मावरचं 'घरकाम' खोडलं आणि नीलमला काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज सोडला की बाहेर डॉक्टरपाशी बारीक दिवा लागायचा, आणि आत ऐकू आलं की नीलमनं हात वर करायचा.

अक्काताईला आवाज कुठला कळायला, पण दिवा दिसत होता. दिवा लागला, हात वर. परत दिवा, परत हात. मग डॉक्टर शिट्टीसारखे चिरके आवाज सोडायला लागल्या. दिवा लागला. नीलमचा हात मांडीवरच. आणिक एकदा लागला. हात मांडीवरच. तपासणी संपली असं वाटून ती काचेतनं आमच्याकडं बघून हसत होती.

अक्काताईनं माझा दंड आवळून धरला. दुसऱ्या हातानं ती काच बडवायला लागली.

"हात वर कर गं बाई! दिवा लागलाय, नीलम, हात वर कर!"